कुष्ठरोगाच्या उपचारात हिपॅटायटिस बीची तपासणी: कधी, कशी आणि पुढे काय

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या डाव्या हाताची दोन बोटे वाकू लागली होती. कोपरामागची नस दोरीसारखी जाड झालेली, हात लावला तरी कळ यायची. कुष्ठरोगाची रिॲक्शन होती, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीरानेच उठवलेली सूज. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले, सहा-सात आठवड्यांत बोटे बऱ्यापैकी सरळ झाली, आणि डोस कमी होत असतानाच त्याचे डोळे पिवळे पडले. घरच्यांना वाटले, एवढ्या गोळ्यांची उष्णता. गावातल्या एकाकडून कामिणीचे, म्हणजे काविळीचे, झाडपाल्याचे औषध आणले. त्यात बारा दिवस गेले. मग रक्त तपासले तेव्हा कळले की हिपॅटायटिस बीचा विषाणू त्याच्या यकृतात कितीतरी वर्षे गपचूप बसून होता. आधी कोणी तपासलेच नव्हते. टेनोफोविर या विषाणूविरोधी गोळ्यांवर तो सावरला, पण तीन आठवडे आम्ही सगळेच धास्तावलो होतो.

त्या घटनेपासून, कुष्ठरोग कार्यक्रमात पॅरामेडिकल वर्कर म्हणून काम करताना, एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला आणि प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगत आलो: एमडीटीचे, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांचे, पहिले पाकीट हातात पडते त्याच दिवशी हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी करून घ्या आणि निकाल उपचाराच्या कार्डावर लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नोंदीवर उभ्या आहेत.

हे दोन आजार एकत्र का पाहायचे

कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि त्वचा व नसांवर हल्ला करतो. हिपॅटायटिस बी विषाणूमुळे होतो आणि यकृतावर. तसा दोघांचा संबंध नाही, पण इतिहासात त्यांची गाठ लवकर पडली. हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरचे जे प्रथिन आज आपण 'एचबीएसएजी' म्हणून तपासतो, ते १९६० च्या दशकात बारूक ब्लूमबर्ग यांना सापडले. त्या वेळी त्याला 'ऑस्ट्रेलिया ॲन्टिजेन' म्हणत. त्यांच्या चमूने फिलिपिन्समधल्या कुष्ठरुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा लेप्रोमॅटस प्रकाराच्या, म्हणजे अंगात जंतू भरपूर असलेल्या रुग्णांत हे प्रथिन ट्युबरक्युलॉइड, म्हणजे जंतू कमी असलेल्या प्रकारापेक्षा जास्त जणांत आढळले. ब्लूमबर्गना १९७६ साली नोबेल मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै, आणि तोच आता जागतिक हिपॅटायटिस दिन आहे.

नंतर जगभर पाहण्या झाल्या. काही ठिकाणी कुष्ठरुग्णांत प्रमाण जास्त निघाले, काही ठिकाणी आजूबाजूच्या लोकांइतकेच. जिथे जास्त निघाले तिथली दोन कारणे मला पटतात. लेप्रोमॅटस रुग्णाची पेशींवर चालणारी प्रतिकारशक्ती मंद असते, त्यामुळे विषाणू एकदा शिरला की निघता निघत नाही. दुसरे कारण राहणीचे. पूर्वी माणसे वर्षानुवर्षे एकाच आवारात राहायची. आपल्याकडेही सासष्टी तालुक्यातल्या माकाझानला डॉ. फ्रोइलानो द मेलो यांच्या प्रयत्नांनी १९३४ साली कुष्ठधाम उभे राहिले होते. अशा वसाहतींत जगभर काचेच्या सिरिंजा उकळून पुन्हा पुन्हा वापरल्या जात, आणि जखमांचे ड्रेसिंग, वस्तरा, घट्टा कापायचे पाते हे सगळे सामाईक असे. रक्तातून पसरणाऱ्या विषाणूला याहून सोयीचे काय हवे?

आज घरी राहून उपचार होतात, सुई एकदा वापरून टाकून दिली जाते. पण हे दोन आजार एकत्र पाहण्याचे आणखी एक कारण अजून तसेच आहे आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचे: रिॲक्शनवर द्यावे लागणारे प्रेडनिसोलोन. त्याकडे येतोच.

पहिली पायरी: रक्त द्या, पण नुसत्या एका तपासणीवर थांबू नका

बहुतेक ठिकाणी फक्त एचबीएसएजी करतात. झटपट तपासणीच्या कार्डने पंधरा-वीस मिनिटांत होते. तेवढे तर हवेच. पण शक्य असेल तर त्याच रक्तावर आणखी दोन तपासण्या मागा: अँटी-एचबीसी (एकूण) आणि अँटी-एचबीएस. सोबत एएलटी, म्हणजे ज्याला बरेच जण एसजीपीटी म्हणून ओळखतात, ती यकृताची तपासणी. एमडीटी सुरू करताना हिमोग्लोबिन बघतातच, त्याच सुईत हे होऊन जाते.

रिपोर्ट असा वाचा. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे विषाणू कधी आलेला नाही आणि लसही नाही. लस घ्यायची. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह आणि आकडा १० किंवा त्याहून जास्त, तर लसीचे संरक्षण आहे. एचबीएसएजी निगेटिव्ह पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर कधीतरी संसर्ग होऊन गेला आहे. माणूस बरा झालेला असतो, पण विषाणूचा अंश यकृताच्या पेशींत झोपलेला राहतो आणि स्टेरॉइडने जागा होऊ शकतो. हा निकाल लोक 'निगेटिव्ह' समजून फाईलला लावतात. तसे करू नका, कार्डावर लाल पेनाने लिहा. आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे. सहा महिन्यांनी पुन्हा केलेली तपासणीही पॉझिटिव्ह आली तर तो जुनाट संसर्ग.

जुनाट संसर्ग असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो. कावीळ झालेली आठवत नाही, भूक चांगली, काम चालू. मोठेपणी संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाचांहूनही कमी जणांत तो कायमचा राहतो, पण जन्माच्या वेळी आईकडून झाला तर शंभरातल्या नव्वदांत राहतो. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या माणसाच्या अंगात तो जन्मापासून असू शकतो. 'मला कधी कामीण झाली नाही' या उत्तरावर विसंबून तपासणी टाळणे चुकीचे, ते याचसाठी.

दुसरी पायरी: निगेटिव्ह आलात तर लस

तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. दंडाच्या वरच्या स्नायूत, कुल्ल्यावर नाही; तिथे घेतलेली लस नीट लागू पडत नाही. दंडावर बधिर चट्टा असेल तर दुसऱ्या दंडात घ्या, म्हणजे टोचल्याजागी काही झाले तर कळेल. ही लस जिवंत विषाणूची नाही, त्यामुळे एमडीटी किंवा प्रेडनिसोलोन चालू असतानाही घेता येते. फक्त स्टेरॉइडवर असताना ती कमी लागू पडू शकते, म्हणून शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएसचा आकडा तपासून घ्यावा. १० च्या खाली असेल तर डॉक्टर पुन्हा डोस देतात.

चवथ, शिगमो, काजूचा हंगाम यांत तिसरा डोस राहून जातो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता पहिल्या डोसलाच तिसऱ्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहायला लावतो. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस घेऊन टाकायचा.

तिसरी पायरी: पॉझिटिव्ह आलात तर

सर्वांत आधी हे लक्षात ठेवा: हिपॅटायटिस बी आहे म्हणून कुष्ठरोगाचा उपचार थांबत नाही. एएलटी ठीक असेल, कावीळ नसेल, तर एमडीटी चालू राहते. एमडीटीतले रिफाम्पिसिन यकृतावर ताण देणारे औषध आहे खरे, पण क्षयरोगात ते रोज घेतात आणि कुष्ठरोगात महिन्यातून एकदा, ६०० मिलिग्रॅम. एमडीटीतलेच डॅप्सोन मात्र रोजचे. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत दर महिन्याला, पाकीट घ्यायला जाल त्याच दिवशी, एएलटी तपासायला सांगा.

पुढच्या तपासण्या हिपॅटायटिसचे डॉक्टर ठरवतील. साधारणपणे विषाणूचे प्रमाण मोजणारी एचबीव्ही डीएनए, प्लेटलेट, पोटाची सोनोग्राफी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि एचआयव्ही. एचआयव्हीची तपासणी ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो. तिचे कारण साधे आहे. टेनोफोविर आणि एन्टेकाविर ही हिपॅटायटिस बीची औषधे एचआयव्हीवरही परिणाम करतात आणि एचआयव्ही असताना एकटी दिली तर तो विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून आधी खात्री करतात.

पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला लगेच औषध लागतेच असे नाही. पण सुरू झाले तर मनाने बंद करायचे नाही. अचानक बंद केल्यास विषाणू उसळतो. आणि एक बारकावा: टेनोफोविर दोन रूपांत मिळते. त्यातल्या टेनोफोविर अलाफेनामाइडचे रिफाम्पिसिनशी जुळत नाही. नावे लक्षात ठेवण्याची गरज नाही. यकृताच्या डॉक्टरांसमोर एमडीटीचे पाकीट ठेवा, ते बघतील. दोन आजार, दोन ओपीडी, दोन फायली असतात, आणि त्या फायली एकमेकींशी बोलत नाहीत. दोन्हीकडचे कागद नेण्याचे काम रुग्णालाच करावे लागते.

चौथी पायरी: प्रेडनिसोलोनच्या आधी थांबा आणि विचारा

ही पायरी चुकली तर बाकी सगळे बरोबर करूनही जीव धोक्यात येतो.

रिॲक्शन म्हणजे मेलेल्या किंवा मरत असलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने उठवलेले वादळ. चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखते, बोटांतला जोर जातो, पाऊल लुळे पडते, किंवा अंगभर दुखऱ्या गाठी येऊन ताप चढतो. हे वादळ शमवले नाही तर हात कायमचा वाकडा होतो. त्यामुळे प्रेडनिसोलोन लागतेच, आणि लवकर लागते. मी त्याच्या विरुद्ध नाही. त्याने वाचलेले हात मी रोज बघितले आहेत.

पण स्टेरॉइड प्रतिकारशक्तीला झोपवते, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू नेमकी तीच संधी साधतो. एचबीएसएजी पॉझिटिव्ह माणसाला दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन चार आठवडे किंवा अधिक दिले तर विषाणू उसळण्याचा धोका मोठा मानतात. आता रिॲक्शनचा नेहमीचा बारा आठवड्यांचा कोर्स बघा: दोन आठवडे ४०, दोन आठवडे ३०, दोन आठवडे २०, मग १५, १०, ५. वीस किंवा त्याहून जास्त डोसचे सहा आठवडे झाले. म्हणजे अगदी साध्या कोर्समध्येही ही रेषा ओलांडली जाते. गाठींची रिॲक्शन वारंवार येणाऱ्यांचा तर महिनोन् महिने कोर्स चालतो.

आणखी एक फसवी गोष्ट. विषाणू वाढतो तो डोस जास्त असताना, पण यकृताला सूज येते ती बहुधा डोस कमी होत असताना. झोपवलेली प्रतिकारशक्ती जागी होते, आणि विषाणूने भरलेल्या यकृताच्या पेशींवरच तुटून पडते. सुरुवातीच्या त्या बागायतदाराचे हेच झाले. हात सुधारला होता, सगळे खुशीत होते, आणि नेमकी तीच वेळ धोक्याची होती.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रेडनिसोलोन लिहून देताच विचारा, 'डॉक्टर, माझा हिपॅटायटिस बीचा निकाल बघितला का?' तपासणी झालीच नसेल तर त्याच दिवशी रक्त द्या. नस दुखत असताना मात्र निकालासाठी गोळी अडवून धरायची नाही. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असाल तर स्टेरॉइडच्या आधी किंवा सोबतच विषाणूविरोधी औषध सुरू करतात आणि स्टेरॉइड संपल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात. फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर धोका कमी, पण शून्य नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी एएलटी आणि एचबीएसएजी बघत राहायचे.

जुन्या चिठ्ठीवर फार्मसीतून प्रेडनिसोलोन आणून खाणे ही आपल्याकडची फार वाईट सवय. गाठी आल्या की दोन दिवस गोळ्या, बरे वाटले की बंद. असे वर्षभर करणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्या यकृताकडे तर कोणी बघत नाहीच, आणि गोळी एकदम बंद केल्याने शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड आटून माणूस कोसळू शकतो ते वेगळेच.

डोळे पिवळे दिसले तर

एमडीटीवर असताना रंगांचा गोंधळ होतो. रिफाम्पिसिनचा महिन्याचा डोस घेतला की काही तासांत लघवी तांबूस-नारिंगी होते आणि दुसऱ्या दिवशी साफ होते. ते निरुपद्रवी. एमडीटीतल्याच क्लोफाझिमिनने कातडी तपकिरी-काळसर होते, ती औषध संपल्यावर हळूहळू उजळते. कावीळ वेगळी. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, लघवी रोजच्या रोज काळ्या चहासारखी होते, जेवण नकोसे होते, मळमळते, उजव्या बरगडीखाली जड वाटते. दिवसा, खिडकीपाशी उभे राहून घरच्या कोणाला तरी डोळे बघायला सांगा. पिवळ्या बल्बखाली कळत नाही.

शंका आली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत एमडीटीची पुढची गोळी घेऊ नका. प्रेडनिसोलोन मात्र स्वतःहून बंद करायचे नाही. कारण हिपॅटायटिस बीच असेल असेही नाही. डॅप्सोन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गळ्याच्या गाठी आणि कावीळ एकत्र आली तर ती डॅप्सोनची गंभीर ॲलर्जी असू शकते. अशा माणसाला डॅप्सोन पुन्हा कधीही द्यायचे नाही. जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असणाऱ्यांत डॅप्सोनने लाल पेशी फुटूनही कावीळ होते. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत, आणि झाडपाल्याने यातला फरक कळत नाही.

कामिणीवर डाग देण्याबद्दल कळकळीने सांगतो: कुष्ठरोगात जिथे संवेदना गेली आहे तिथे तापलेल्या सळईचा चटका कळत नाही, किती खोल गेला ते समजत नाही, आणि जखम महिनोन् महिने चिघळते. कोणी कितीही जवळचा असो, डाग देऊ देऊ नका. फेणी, उर्राक अशी दारूही यकृत सुजलेले असताना पूर्ण बंद.

घरात काय बदलायचे

एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकाच विहिरीचे पाणी प्याल्याने हिपॅटायटिस बी होत नाही. कुष्ठरोगही एमडीटी सुरू झाल्यावर फार लवकर पसरेनासा होतो. भांडी वेगळी करणे, सोप्यावर वेगळी खाट टाकणे, यांतून फक्त माणूस तुटतो. सांभाळायचे ते रक्त.

पाय बधिर असलेल्या माणसाची रोजची निगा तुम्हाला ठाऊक असेल: अर्धा तास पाय पाण्यात, मग घट्टा घासणे, मग तेल. खरी काळजी इथे घ्यायची. घासायचा दगड ज्याचा त्याचा. घट्टा तासायचे पाते किंवा वस्तरा तर दुसऱ्या कोणाला द्यायचाच नाही. जखम असेल तर टबही वेगळा. हा विषाणू सुकलेल्या रक्ताच्या डागात सात दिवसांपर्यंत तग धरतो, म्हणून पाते नुसते पुसून चालत नाही. एका घरात दोघांना कुष्ठरोग झालेला असेल तर दोन संच, दोन रंगांचे. पत्र्याच्या डब्यावर नाव लिहून ठेवा.

बधिर हाताला आदोळीवर, म्हणजे विळीवर, मासे कापताना लागलेले कळत नाही, काटा मोडलेला कळत नाही, रक्त लादीवर सांडून सुकते. स्वयंपाक झाल्यावर हात उजेडात बघायची सवय लावा. सांडलेले रक्त पुसताना हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालायची, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटे ठेवायचे, मग पुसायचे. ड्रेसिंगच्या पट्ट्या पिशवीत घट्ट बांधून द्या, अंगणात उघड्यावर टाकू नका. ड्रेसिंग करणारी व्यक्ती बहुधा बायको किंवा सून असते. तिची लस सगळ्यांत आधी. लस न घेतलेल्या कोणाला पॉझिटिव्ह माणसाच्या रक्ताची सुई किंवा पाते लागले तर २४ तासांच्या आत दवाखान्यात जावे. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, दोन्ही देता येतात.

नवरा-बायकोपैकी एक पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्याची तपासणी, लस, आणि लस पूर्ण होईपर्यंत निरोध. मुलांचीही तपासणी. गरोदर बाई पॉझिटिव्ह असेल तर प्रसूती रुग्णालयातच, आणि बाळाला २४ तासांच्या आत लसीचा जन्मडोस व सोबत इम्युनोग्लोब्युलिन. पुढचे डोस सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लसीत येतातच. विषाणूचे प्रमाण फार असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईला टेनोफोविर देतात. अंगावर पाजायला हरकत नाही. आई क्लोफाझिमिन घेत असेल तर बाळाची कातडी किंचित तपकिरी दिसू शकते. ती कावीळ नव्हे, पण डोळे पिवळे वाटले तर दाखवाच.

घरातल्या इतरांना कुष्ठरोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात. तो घेण्याआधी, ज्याला कावीळ आहे किंवा यकृताचा आजार आहे त्याने ते सांगायलाच हवे. अशांना हा डोस देत नाहीत.

गोव्यात कुठे जायचे

एमडीटी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. रक्ततपासणीसाठी म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय, आणि यकृताच्या तज्ज्ञासाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली तपासणी आणि औषधे मोफत आहेत. खिडकीवर कार्यक्रमाचे नाव घेऊन विचारा, नाहीतर बाहेरून महागड्या तपासण्या करून बसाल. वाळपई किंवा पेडण्याहून येणाऱ्याने दोन्ही ओपीडी एकाच दिवशी जमवाव्यात. एक मजुरी बुडणे आणि दोन बुडणे यात फरक आहे.

बांधकामावर बाहेरून आलेले मजूर, ट्रॉलरवरचे खलाशी यांचा उपचार गावी गेल्यावर तुटतो. जाण्याआधी बदलीची चिठ्ठी आणि निदान एका महिन्याचे जास्तीचे पाकीट मागून घ्या. त्या चिठ्ठीवर हिपॅटायटिसचा निकालही लिहून घ्या.

कोणाला सांगायचे, हाही प्रश्न येतो. डॉक्टर, दाताचे डॉक्टर, ड्रेसिंग करणारी व्यक्ती आणि जोडीदार यांना सांगावे लागते. वाड्यावर सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. आरोग्य केंद्रात कोणी मोठ्याने आजाराचे नाव उच्चारले तर तिथल्या तिथे, शांतपणे, हळू बोलायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी चार ओळी लिहून देत असे: एचबीएसएजीचा निकाल आणि तारीख, अँटी-एचबीसीचा निकाल, लसीच्या तीन तारखा, शेवटची एएलटी. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायला सांगायचो, पावसाळ्यात शाई पसरते म्हणून.